प्रुगा

फावडं चुकीचं धरलं आहेस.

असं कोणी म्हणत नाही. निळा रुमाल बांधलेली एक मुलगी समोर येते, तुझ्या हातातलं फावडं काढून घेते, डावा हात पात्याजवळ सरकवते, दांडा मांडीला टेकवते आणि कमरेच्या जोरावर माती उचलून गाडीत टाकते. मग फावडं पुन्हा तुझ्या हातात देते. ती अठराची असेल. तू बावीसची. तुझ्याजवळ पदवी आहे, तीन भाषा आहेत आणि तासाभरात तळहातावर उठलेले चार फोड आहेत.

१९४७ सालचा जुलै संपत आला आहे. खाली बोस्ना नदी वळणं घेत वाहते आहे. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर, आणि नदीच्या काठाने उघड्या मातीचा लांबच लांब पट्टा. त्या पट्ट्यावर नजर जाईल तिथवर तुझ्याच वयाची माणसं. कोणी टिकावाने दरड फोडतंय, कोणी एकचाकी गाड्या ढकलतंय, कोणी धुमस घेऊन भराव ठोकतंय. जवळच्या गावाचं नाव नेमिला. तू इथे कशी आलीस, हे कोणी विचारत नाही. लंडनहून आलेल्या ब्रिटिश तुकडीच्या यादीत शेवटी तुझं नाव आहे, त्यापुढे ‘हिंदी विद्यार्थिनी’ असं लिहिलंय, आणि तेवढं त्यांना पुरतं.

खरं तर तू तुझ्या काळातून इथे आलीस. तिथे ‘परदेशात स्वयंसेवा’ ही पैसे भरून घ्यायची गोष्ट झाली आहे. दोन आठवडे, विमानतळावरून ने-आण, एका शाळेच्या भिंतीला रंग आणि शेवटी प्रमाणपत्र. असे फोटो तू खूप पाहिले आहेस. त्या फोटोंत मधोमध पाहुणा असतो. इथे मधोमध भराव आहे. तू एका टोकाला आहेस, आणि आत्ता तुझ्यामुळे मागच्या चार गाड्या अडल्या आहेत.

*

ही रेल्वे बोसान्स्की शामात्सपासून सारायेवोपर्यंत जाणार आहे. सुमारे २४० किलोमीटर. या खोऱ्यात आधीच एक गाडी धावते, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत टाकलेली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा हातभरही जास्त नाही. खाणींतला कोळसा, झेनित्साचं लोखंड, डोंगरातलं लाकूड एवढ्याशा गाडीने कुठवर न्यायचं? महायुद्धात देशातली जवळजवळ दहा लाख माणसं गेली, पूल उडाले, गावं जळाली. यंत्रं नाहीत, पैसा नाही. तरुण मात्र आहेत. १ एप्रिलला काम सुरू झालं आणि १६ नोव्हेंबरला पुरं झालं. ही दुसरी तारीख इथे फक्त तुला ठाऊक आहे. साडेसात महिन्यांत दोन लाखांहून जास्त तरुणांनी इथे माती उपसली. त्यांत परदेशांतून आलेले पाच हजारांवर होते.

दर मैलाला एक फलक दिसतो. त्यावर लिहिलेल्या ओळीचा अर्थ झाग्रेबची एक विद्यार्थिनी तुला सांगते: आम्ही रेल्वे घडवतो, रेल्वे आम्हाला घडवते. तुझ्या काळात असल्या घोषणा ऐकून माणसं मान फिरवतात. तूही फिरवली असतीस. शिवाय जेवणाच्या मांडवात टिटोचं आणि स्टालिनचं चित्र शेजारी-शेजारी टांगलेलं आहे, आणि पुढच्या वर्षी २८ जूनला यांतलं एक चित्र खाली उतरायला सुरुवात होणार, हे तुला पाठ आहे. सगळे आपखुशीने आलेले नाहीत, हेही तुला दिसतं. कोणाला गावातल्या संघटनेने पाठवलंय, कोणी घरी खायची भ्रांत म्हणून आलंय. हे सगळं जाणूनही त्या ओळीवरून तुझी नजर हलत नाही. तिच्यातल्या ‘रेल्वे’ या शब्दावर बोट ठेवून ती विद्यार्थिनी म्हणते, ‘प्रुगा.’ तू मनात नोंद करतेस.

*

पहिला आठवडा हातांचा असतो. फोड फुटतात, फडकं बांधतेस, फडकं मातीने कडक होतं. पहाटे उठून दुपारपर्यंत काम, मग जेवण. पाव आणि घेवड्याचं पातळ कालवण. तिथले लोक त्याला ‘ग्राह’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी तुला त्यात लसणाची फोडणी हवीशी वाटते, पाचव्या दिवशी काहीच हवंसं वाटत नाही, वाडगा मात्र भरलेला हवा.

दुसऱ्या आठवड्यात कान उघडतात. गाड्या मोजणारा मुलगा ओरडतो: येदान, द्वा, त्री, चेतिरी. तू दचकतेस. द्वा, त्री! पुढे ‘देसेत’ येतं तेव्हा तुला हसू आवरत नाही. दश! संस्कृतच्या तासाला पाठ केलेले आकडे इथे मातीच्या गाड्या मोजताहेत. मग तू शब्दांच्या मागेच लागतेस. साखरेला ‘शेचेर’, बदामाला ‘बादेम’, चहाला ‘चाय’, शत्रूला ‘दुश्मन’. आपल्याकडे फारसी जशी दरबारातून घराघरांत उतरली, तशी इथे ती तुर्कांच्या हाताने आली. निळ्या रुमालाच्या मुलीला तू सांगतेस, आमच्याकडेही दुश्मनच म्हणतात. ती बराच वेळ विचार करते. मग विचारते, मित्राला काय म्हणता? ‘दोस्त’ असं तू म्हणतेस तेव्हा ती हसते, हाही शब्द तिच्याकडे आलेला असतो. पण भरावावर चालणारा शब्द ती देते: द्रुगारित्सा. सोबतीण. इथे मुलींना सगळे तेच म्हणतात आणि सगळ्यांना ‘ती’ म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘ती’ म्हणजे ‘तू’. प्रमुखालाही ‘ती’.

तुमच्या तुकडीचा प्रमुख तेवीस वर्षांचा आहे. उंच, केस विस्कटलेले, बोलताना हात सतत हलते. त्याचं नाव ई. पी. थॉम्प्सन. इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या जडणघडणीवरचा जो जाडजूड ग्रंथ तू कॉलेजात चाळला होतास, तो लिहायला याला अजून बराच वेळ आहे. ग्रंथ १९६३ साली येईल. आत्ता तो इटलीच्या आघाडीवर रणगाड्यांतून लढून आलेला एक माजी सैनिक आहे. त्याचा थोरला भाऊ फ्रँक १९४४ साली बल्गेरियात फॅसिस्टविरोधी गनिमांबरोबर लढताना पकडला गेला आणि मारला गेला. वडील बंगालमधल्या बांकुडा इथे शिक्षक होते, त्यांनी रवींद्रनाथांवर लिहिलं होतं, आणि नेहरू त्यांच्या घरी येत. तू कुठली हे कळल्यावर तो क्षणभर काम थांबवतो. मग पुन्हा गाडी ढकलू लागतो, कारण पाठीमागे रांग आहे.

रांग आहे, ही गोष्ट तुला उशिरा कळते.

गाडी ढकलायच्या वाटेवर फळ्या टाकलेल्या असतात, एका वेळी एकच गाडी जाईल एवढ्या रुंद. तू दमतेस, पण कोणाला सांगत नाहीस. हिंदुस्थानची एकटी मुलगी दमली असं कोणी म्हणायला नको, म्हणून ओठ घट्ट मिटून गाडी रेटत राहतेस. एका सकाळी फळीच्या मधोमध गुडघे वाकतात, गाडी कलंडते, माती खालच्या खणलेल्या चरात जाते आणि पाठीमागच्या सात जणांना थांबावं लागतं. कोणी रागावत नाही. सगळे मिळून चर पुन्हा उपसतात.

त्या संध्याकाळी तुकडीची बैठक बसते. रोजच बसते. दिवसाचं काम किती टक्के झालं ते सांगितलं जातं, कोण चुकलं तेही तोंडावर बोललं जातं. तू मनाची तयारी करून बसतेस: बोलतील, तुला हे झेपत नाही म्हणतील. वेल्सच्या कोळसा खाणीत वाढलेला एक मुलगा उठतो आणि वेगळंच बोलतो. तू दमली होतीस, हे त्याला पहिल्या तासातच दिसलं होतं, असं तो म्हणतो. दमणं चूक नाही. दमल्याचं लपवलंस, ती चूक. खाणीत कोणी असं लपवलं तर शेजारचा मरतो. तू सांगितलं असतंस तर गाडी त्याने घेतली असती आणि तू धुमस घेतली असतीस, आणि फळी मोकळी राहिली असती.

तुला हे लागतं. घरात, शाळेत, कॉलेजात, सगळीकडे तुला उलट शिकवलेलं असतं: सहन कर, बोलू नकोस, शेवटपर्यंत खेच. त्या गुणाचं कौतुक झालंय, बक्षिसं मिळालीत. इथे एक खाण कामगार सरळ सांगतो की तुझं ते सोसणं फक्त तुझ्यासाठी होतं, त्यात बाकी कोणी नव्हतं. रात्री बराच वेळ तुला झोप येत नाही. तंबूत पलीकडे डेन्मार्कच्या मुलींचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तू त्याला हाक मारून सांगतेस, ‘दमले.’ तो गाडी घेतो. एवढंच. पण ते तोंडातून काढायला तुला फळीवर चढण्यापेक्षा जास्त बळ लागलेलं असतं.

*

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या रांगेत एक बॉस्नियन मुलगा झाग्रेबच्या विद्यार्थिनीकरवी तुला विचारतो, तुमच्याकडे काय चाललंय? तुला सांगायला अभिमानाची गोष्ट हवी असते. तू पंढरपूरची सांगतेस. याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजी नावाचा एक शिक्षक प्राण पणाला लावून उपोषणाला बसला. जातीमुळे ज्यांना विठोबाच्या देवळाबाहेर ठेवलं होतं, त्यांना आत घ्यावं म्हणून. आणि देऊळ खुलं झालं. तुझा आवाज सांगताना चढतो. मुलगा लक्ष देऊन ऐकतो. मग एकच प्रश्न विचारतो. ‘तुझ्या घरचे आधीपासून आत जायचे?’

तू हो म्हणतेस.

तो काही बोलत नाही, तुझ्या वाडग्यात पावाचा तुकडा ठेवतो आणि पुढे सरकतो. त्याच्या मनात काही टोचायचं नसतं. त्याला फक्त गोष्ट नीट समजून घ्यायची असते, आणि गोष्टीत सांगणारा कुठे उभा होता हे कळल्याशिवाय ती समजत नाही. तू तुझ्या काळातून इतक्या लांब आलीस, आणि हा प्रश्न तुला इथे, एका परक्या रांगेत विचारला जातो. मला विचारशील तर परदेशी जाण्याचा खरा उपयोग हाच. घरी जे प्रश्न रीतीमुळे कोणी विचारत नाही, ते तिथे कोणीतरी भाबडेपणाने विचारून जातं.

*

दुपारी जेवणानंतर झाडाखाली वर्ग भरतो. १९३१ च्या शिरगणतीत बॉस्नियातली निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं निरक्षर होती, आणि मुलींची स्थिती त्याहून वाईट. म्हणून प्रत्येक तुकडीत वाचायला-लिहायला शिकवायचा वर्ग आहे. हजारो मुलंमुली या भरावावर पहिल्यांदा अक्षर गिरवतात. फळा म्हणजे काळ्या रंगाची एक फळी, कालपर्यंत कदाचित तिच्यावरून गाड्या जात असतील.

निळ्या रुमालाची मुलगी पहिल्या ओळीत बसते. सकाळी फावडं इतकं सहज फिरवणारे तिचे हात पेन्सिल धरताना थरथरतात. पेन्सिल ती मुठीत धरते. आता रीत तुझ्याजवळ आहे. तू तिच्या बोटांवर बोटं ठेवून पेन्सिल नीट बसवतेस, आणि ती तुझ्याकडे पाहते, तशीच, जशी तू पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहिलं होतंस.

तुला पणजी आठवते. याच क्षणी, या ऑगस्टात, ती रत्नागिरीच्या बाजूला कुठेतरी भातलावणी उरकून बसलेली असेल, वय साधारण हेच. तिच्या गावात रेल्वे यायला अजून पन्नासएक वर्षं आहेत. मुंबईला जायचं तर बोट. तिला अक्षर येत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणाला त्याचं कधी वाईट वाटल्याचं तुला आठवत नाही. कागदावरचा तिचा अंगठा तू पाहिला आहेस. जांभळ्या शाईचा, जरा तिरका. तू तिच्यासाठी कधी रडली नव्हतीस. आत्ता बॉस्नियातल्या एका झाडाखाली, दुसऱ्याच मुलीचा हात धरून, तुझे डोळे भरून येतात.

*

१५ ऑगस्ट शुक्रवारी येतो. तुकडीत सकाळी सगळ्यांना ठाऊक असतं. वेल्सचा मुलगा फळीवर चढण्यापूर्वी तुझा हात हातात घेतो, दोन्ही तळवे सारखेच खरखरीत झालेले. ज्या राज्यातून तुझा देश आज बाहेर पडला, त्या राज्याच्या झेंड्याखालची ही तुकडी, आणि तू तिच्यात आहेस. तुला यात काही विसंगत वाटत नाही, हे तुझं तुलाच नवल वाटतं.

रात्री मोठी शेकोटी. कोलो नावाचा नाच सुरू होतो, एकमेकांच्या पाठीमागून हात गुंफून गोल, आत एक गोल, बाहेर दुसरा. तुझ्या डावीकडे तो रांगेतला मुलगा आहे, मुस्लिम घरातला. उजवीकडे एक सर्ब मुलगी. चार-पाच वर्षांपूर्वी याच मुलखात क्रोएशियन फॅसिस्ट उस्ताशींनी सर्बांची गावं कापली, सर्ब राष्ट्रवादी चेतनिकांनी मुस्लिमांची. या दोघांच्या घरांतून कोण-कोण गेलं हे त्यांनी तुला सांगितलेलं नाही, आणि तू विचारलेलं नाही. त्यांचे हात मात्र तुझ्या पाठीमागे एकमेकांना धरून आहेत, हे तुला जाणवतं.

पंजाबच्या बातम्या उशिरा येतात. फाटक्या वर्तमानपत्रातून, कोणाच्या तरी पत्रातून. तुला त्या आधीच ठाऊक आहेत. तुला हेही ठाऊक आहे की पंचेचाळीस वर्षांनी, १९९२ च्या एप्रिलमध्ये, ही रेल्वे जिथे संपते त्या सारायेवोला वेढा पडेल आणि तो १४२५ दिवस टिकेल. १९९५ च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले जातील. दोबोय आणि माग्लाय ही याच मार्गावरची नावं आघाडीची नावं होतील. याच रुळांवर पुढे दोन वेगळ्या रेल्वे कंपन्या कारभार करतील, हद्द आली की कारभार बदलेल. वेढा पडेल तेव्हा निळ्या रुमालाची मुलगी त्रेसष्ट वर्षांची असेल.

नाच चालू आहे. कोणाला सांगणार? आणि सांगून काय करतील? उद्या सकाळी माती उचलायची आहे.

पुष्कळ जण म्हणतात, बघा, भावाभावांची रेल्वे आणि शेवटी काय झालं. मला ते पटत नाही. त्या उन्हाळ्यात दोघांचे हात पाठीमागे गुंफलेले होते ते खरंच होते. पुढे ज्यांनी ते सोडवले त्यांचा जाब त्यांच्याकडे मागायचा, नाचणाऱ्यांकडे नाही. तू हे मनाशी म्हणतेस आणि गोलात पाय चुकतो. सर्ब मुलगी हसून तुला ठेक्यावर आणते.

*

तुकडी परत निघायचा दिवस उजाडतो. तुमच्या वाट्याचा भराव मोजला तर लांबी फार नाही. तू तो पावलांनी मोजतेस. मग आकडा कोणाला सांगत नाहीस, कारण त्यातला तुझा भाग वेगळा काढता येत नाही.

निळ्या रुमालाची मुलगी वही घेऊन येते. पहिल्या पानावर तिने स्वतःचं नाव लिहिलंय, आधी लॅटिन अक्षरांत, खाली सिरिलिकमध्ये. तिच्या मुलखात दोन्ही चालतात. शेवटचं अक्षर ओळीतून खाली घसरलंय. ती पेन्सिल तुझ्याकडे करते: तुझ्या लिपीत.

तू तिचं नाव देवनागरीत लिहितेस. सवयीने अक्षरं आधी आणि रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे, एका दमात.

ती अक्षरांकडे पाहत नाही. तिचं बोट वरच्या रेघेवर जातं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकतं. सगळी अक्षरं त्या रेघेला धरून लोंबकळताहेत.

‘प्रुगा,’ ती म्हणते.

तू नाही म्हणतेस, प्रुगा म्हणजे रेल्वे, ही नुसती रेघ. झाग्रेबची विद्यार्थिनी मागून हसते. त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे.

खाली भरावावर पुढच्या तुकडीने काम सुरू केलंय. हो-रुक, हो-रुक, धुमस उचलणाऱ्यांचा आवाज येतो. मुलगी वही बंद करते, रुमाल घट्ट करते आणि फळीकडे धावते. वाटेत नव्या आलेल्या एका मुलीच्या हातातलं फावडं काढून घेते.